दुसरीच्या वर्गाचा आठवडा कसा आखता? रोज नवीन ॲक्टिव्हिटी की एकच गोष्ट आठवडाभर?

पाटी_दप्तर

नमस्कार मंडळी, यंदा दुसरीचा वर्ग माझ्याकडे आलाय. याआधी मी पाचवी-सहावीला शिकवायचे, त्यामुळे सात वर्षांच्या मुलांचा अख्खा दिवस सांभाळणं हा एकदम वेगळाच प्रकार आहे. वर्ग छान आहे, ३२ मुलं, बोलकी आहेत, हौशी आहेत. प्रश्न आठवड्याच्या आखणीचा आहे.

सध्या आठवडा असा असतो की सोमवारी दशक-एकक आणि बेरीज, मंगळवारी घड्याळ, बुधवारी जोडाक्षरं, गुरुवारी परिसर (आत्ता वनस्पतींचे भाग चाललेत), आणि शुक्रवारी चित्रकला, हस्तकला, खेळ. रोज एक ॲक्टिव्हिटी असतेच. कागदी घड्याळ बनवलं, पानांचे ठसे काढले, शब्दांच्या चिठ्ठ्यांचा खेळ घेतला. त्या त्या दिवशी मुलं अगदी रंगून जातात, काहीही विचारलं की धडाधड उत्तरं येतात. पण पुढच्या सोमवारी फळ्यावर ३६ + २७ लिहिलं की निम्मा वर्ग ५१३ लिहून मोकळा. घड्याळाचंही तेच, स्वतः बनवलेलं घड्याळ घरी नेऊन सगळ्यांना दाखवलं, आणि आठवड्याने साडेतीन दाखव म्हटलं तर छोटा काटा बरोब्बर तीनवर.

तर मला विचारायचंय की तुम्ही लोक आठवडा कसा बांधता? एकच गोष्ट पाच दिवस चालवली तर एवढी लहान मुलं कंटाळत नाहीत का? आणि ज्यांचं दोन मिनिटांत होतं त्यांचं काय करायचं, कारण ती चार-पाच मुलं मोकळी झाली की सगळा वर्ग हलतो. प्लीज जरा सविस्तर सांगा, मोघम नको.

गठ्ठे_आणि_सुट्टे

ताई, आधी त्या ५१३ बद्दल बोलते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. मुलाने ३ आणि २ चे ५ केले, ६ आणि ७ चे १३ केले आणि शेजारी शेजारी लिहून टाकले. म्हणजे बेरजा दोन्ही बरोबर आहेत. त्याला फक्त एवढंच दिसत नाहीये की तो ३ म्हणजे तीस आहेत.

एक करून बघा. एखाद्या मुलाला जवळ बसवा, १६ बटणं मोजायला द्या आणि कागदावर १६ लिहा. आधी ६ वर बोट ठेवून विचारा की हा आकडा म्हणजे यातली कुठली बटणं, तो सहा बटणं बाजूला काढेल. मग १ वर बोट ठेवा आणि हेच विचारा. बरीच मुलं एकच बटण पुढे सरकवतात, उरलेली नऊ तिथेच पडलेली असतात आणि मुलाला त्यात काहीच खटकत नाही. हीच मुलं 'एक दशक सहा एकक' घडाघडा म्हणून दाखवतात बरं का. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याकडे शिकलेल्या कॉन्स्टन्स कामी यांनी यावर बरंच लिहिलंय, आणि मला विचाराल तर दुसरीच्या प्रत्येक शिक्षकाने वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलासोबत ही पाच मिनिटं घालवावीत, त्यानंतर वर्ग वेगळाच दिसायला लागतो.

आता आठवडा. माझ्याकडे तो पूर्ण आठवडा गणिताच्या तासाला एकच गोष्ट असते, दहाचा गठ्ठा. सोमवारी बेरीज अजिबात नाही. दोघा-दोघांत मिळून ओंजळभर काड्या द्यायच्या, आधी अंदाज लिहायचा, मग मोजायच्या. मुलं एक-एक करून मोजायला घेतात, साठ-पासष्टच्या आसपास शेजारचा काहीतरी बोलतो आणि मोजणं चुकतं, परत पहिल्यापासून. दोनदा असं झालं की कोणीतरी आपणहून म्हणतं, आपण दहा-दहाचे ढीग करूया ना. तोपर्यंत थांबायचं. आपण आधी सांगायचं नाही, ही कल्पना त्यांचीच असू द्यायची, मग रबरबँड वाटायचे.

मंगळवारी ३६ आणि २७ काड्या गठ्ठे करून आणायच्या आणि एकत्र करायच्या. सुट्ट्या होतात तेरा. त्यातल्या दहा मोजून मूल स्वतःच्या हाताने रबरबँड लावतं, तो नवा गठ्ठा उचलतं आणि बाकीच्या गठ्ठ्यांच्या डब्यात टाकतं. हा जो डब्यात पडलेला गठ्ठा आहे ना, तो हातचा. यानंतर फळ्यावर 'हातचा एक' लिहिला की मुलांना माहीत असतं की तो कुठून आला आणि तो एक नसून दहा आहेत.

बुधवारी एक मूल काड्या हलवतं आणि दुसरं तेच वहीत लिहितं, मग अदलाबदल. गुरुवारी काड्या कपाटात, वहीत चित्र काढायचं, दहासाठी उभी रेघ आणि सुट्ट्यांसाठी टिंब. शुक्रवारी नुसते आकडे, पण ज्याला अडलं त्याने उठून काड्या आणायला पूर्ण मुभा, आणि आणल्या म्हणून कोणी हसायचं नाही.

कंटाळ्याबद्दल म्हणाल तर मुलं विषयाला कंटाळत नाहीत, त्याच त्या प्रकारे केलं की कंटाळतात. गोष्ट एकच, पण सोमवारी हात, मंगळवारी डबे, गुरुवारी चित्र, रोज काहीतरी हलतंय.

अजून एक, डीन्स ब्लॉक्स (झोल्टन डीन्स यांच्यामुळे जगभर पोचलेले ते दहाच्या कांड्यांचे ठोकळे) शाळेत असतील तर जरूर वापरा पण सुरुवात त्यांनी नको. दहाची कांडी अखंड असते, ती बदलून सुट्टे घ्यावे लागतात, तर काड्यांचा गठ्ठा मूल स्वतः बांधतं आणि स्वतः सोडतं. वजाबाकीला हा फरक फार कळतो.

ओली_माती

गणिताचं वर आलंच आहे, मी परिसराचं सांगतो. तुमचे वनस्पतींचे भाग चाललेत ना, मग पानांचे ठसे एका दिवसात संपवण्याऐवजी बी रुजवा आणि आठवडा त्याच्याभोवती फिरवा. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, बी सोमवारी लावू नका. सोमवारी लावलं तर बुधवार-गुरुवारपर्यंत बी नुसतं फुगलेलं दिसतं, फार तर इवलंसं मूळ, आणि खरी गंमत नेमकी शनिवार-रविवारी होते जेव्हा वर्ग बंद असतो. म्हणून आधीच्या बुधवारी रात्रभर भिजत घालायचं, गुरुवारी लावायचं, म्हणजे सोमवारी मुलं वर्गात येतात तेव्हा मूळ बाहेर आलेलं असतं आणि कोंब वाढताना पूर्ण आठवडा बघायला मिळतो. घेवड्याचं बी घ्या, मोठं असतं, मुलांच्या बोटात नीट धरता येतं आणि त्याची दोन दलं स्पष्ट दिसतात. पारदर्शक ग्लास, आतून ओला टिश्यू पेपर, आणि काच नि कागद यांच्या मध्ये बी, म्हणजे आतलं सगळं बाहेरून दिसतं. मातीत लावलं तर मुलं रोज उकरून बघतात, ते काही थांबवता येत नाही.

आता खरं काम. रोज सकाळी ठरलेल्या वेळी प्रत्येक गट आपल्या रोपाशेजारी कागदाची पट्टी उभी धरतो आणि जिथपर्यंत रोप आलंय तिथे ती कापतो. मोजपट्टी नाही, आकडा नाही, नुसती पट्टी. ती वहीत चिकटवायची आणि खाली वार लिहायचा. दुसऱ्या दिवशी शेजारी दुसरी पट्टी. शुक्रवारपर्यंत वहीत पाच पट्ट्या ओळीत उभ्या असतात आणि तो झाला स्तंभालेख, कोणाला शिकवावा लागत नाही. मग शुक्रवारी मोजपट्टी द्या आणि सगळ्या पट्ट्या सेंटिमीटरमध्ये मोजायला सांगा. कालच्यापेक्षा आज किती वाढलं ही वजाबाकी आपोआप येते. आणि सगळ्यात जास्त कुठल्या दिवशी वाढलं यावर जी भांडणं होतात ती तर ऐकण्यासारखी असतात, कारण मुलं सगळ्यात उंच पट्टीला बोट दाखवतात, आणि प्रश्न असतो कुठल्या दोन पट्ट्यांमधला फरक जास्त आहे याचा. इथे घाई करू नका, अर्धा तास गेला तरी चालेल.

एक ग्लास मात्र वेगळा ठेवा. मूळ खाली आलं की तो आडवा करून ठेवायचा आणि आधी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्यायचा की आता मूळ कुठे जाईल. एक-दोन दिवसांत मुळाचं टोक परत खालच्या दिशेने वळलेलं दिसतं. त्याला डोळे नाहीत मग कसं कळलं, हा प्रश्न दुसरीतली मुलं हमखास विचारतात. खाली काय आणि वर काय हे मुळाच्या टोकातल्या पेशींना कळतं, एवढं सांगितलं तरी पुरतं, पण आधी त्यांची कारणं ऐकून घ्या.

माझं स्पष्ट मत आहे की या वयात आठवड्याला एक जिवंत, रोज बदलणारी गोष्ट वर्गात असलीच पाहिजे. मुलं सकाळी दप्तर टाकायच्या आधी खिडकीकडे पळतात, आणि आलेलं मूल आधीच काहीतरी बघून, काहीतरी बोलायला तयार असेल तर आपला पहिला तास किती सोपा होतो.

जोडाक्षरवाली

वरचे दोन्ही प्रतिसाद आवडले पण एका गोष्टीला माझा ठाम विरोध आहे आणि तो मांडते. बी रुजवलं की लोक मराठीच्या तासालाही बीच वाचतात, बीच लिहितात, चित्र पण बियांचं आणि गाणं पण बियांचं, आणि या थीमच्या नादात वाचन मागे पडतं. दुसरी हे वाचनाचं वर्ष आहे हो. पहिलीत अक्षरं-काना-मात्रा झाल्या, तिसरीत मूल वाचून समजून घ्यायला लागलं पाहिजे, आणि मधलं हे एकच वर्ष आहे जिथे अडखळत वाचणं सुटून सरळ वाचता आलं पाहिजे. त्यामुळे भाषेचा तास स्वतंत्र ठेवा, रोज ठेवा, आणि तो कुठल्याही प्रोजेक्टला देऊ नका.

बुधवारी एकच दिवस जोडाक्षरं हे मला अजिबात पटलं नाही. रोज पंधरा मिनिटं घ्या पण आठवड्याला एकच कुटुंब घ्या. उदाहरणार्थ फक्त र ची जोडाक्षरं हा एक आख्खा आठवडा, उलट तोच कमी पडतो, कारण हा र किती रूपं घेतो बघा, प्रकाश मध्ये खालून तिरका, राष्ट्र मध्ये खाली टोपीसारखा, सूर्य मध्ये डोक्यावर रफार, आणि पुऱ्या-वाऱ्यात अजून वेगळा. सोमवारी प्रकाश-प्राणी-चक्र, मंगळवारी ट्रक-राष्ट्र-ड्रम, बुधवार-गुरुवार दोन्ही दिवस रफार. रफाराला दोन दिवस का, तर तो लिहिला जातो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि उच्चारला जातो त्याच्या आधी, मूल सूर्य बघतं आणि 'सूय्र' वाचतं, यात त्याची काही चूक नाही, डोळ्यांना जसं दिसलं तसं त्याने वाचलं. टाळी वाजवून तोडायचा, सूर्-य, मार्-ग, पर्-वत, हात आणि कान एकत्र चालले की दोन दिवसांत बसतं. शुक्रवारी सगळी मिसळून.

आणि उतारा आठवडाभर एकच. सात-आठ वाक्यांचा, त्यात त्या आठवड्याची जोडाक्षरं आलेली. सोमवारी बाई वाचतात आणि मुलं बोट ठेवून ऐकतात, मंगळवारी सगळ्यांनी एका सुरात, बुधवारी जोडीत आळीपाळीने एक-एक वाक्य, गुरुवारी जोडीदार ऐकतो आणि अडलेल्या शब्दाखाली हलकी रेघ मारतो, शुक्रवारी ज्याला हवं त्याने पुढे येऊन वर्गाला वाचून दाखवायचं. सोमवारी जे मूल शब्दागणिक थांबत होतं ते शुक्रवारी वाक्य ओढून वाचतं, विरामचिन्हाला थांबतं, आणि आपण चांगलं वाचलं हे त्याला स्वतःला ऐकू येतं. हे सुख रोज नवीन उतारा दिला तर मिळत नाही.

श्रुतलेखनाला दहा सुटे शब्द देणं बंद करा असं सुचवेन, त्याऐवजी तीन वाक्यं द्या. सुटा शब्द बरोबर लिहिणारी मुलं वाक्यात तोच शब्द चुकतात आणि आपल्याला वाक्यातलाच हवा असतो.

मोठ्याने गोष्ट वाचून दाखवणं वेगळं, ते रोज झालंच पाहिजे आणि त्यावर प्रश्न विचारायचे नाहीत. नुसतं ऐकायचं.

ओली_माती

जोडाक्षरवाली मॅडम, तुमचं पटलं, वाचनाचा तास बीला देऊ नये. पण निरीक्षण वहीत रोज दोन वाक्यं लिहायची हे मी ठेवीनच, कारण मुलाला स्वतः बघितलेलं लिहायचं असतं तेव्हा ते शब्द मागून घेतं. 'साल सुरकुतली' हे वाक्य माझ्या वर्गात एका मुलीने लिहिलं होतं, तो शब्द तिने तीन जणांना विचारून मिळवला. वर्कशीटवर हे होत नाही.

जोडाक्षरवाली

त्याला ना नाहीच. लिहा की.

एका_दुसरीतल्याची_आई

मी शिक्षक नाही, पालक आहे, पण तुमचा धागा वाचून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे रोज संध्याकाळी आज काय शिकलास विचारलं की एकच उत्तर येतं, काही नाही. याच्या वर्गात मध्यंतरी असाच बियांचा आठवडा होता आणि त्यांच्या मॅडमनी सोमवारी घरी एक छोटी चिठ्ठी पाठवली होती ज्यात त्या आठवड्याला घरी विचारायचे पाच प्रश्न होते, वाराप्रमाणे. आज तुमच्या गटाचं रोप पट्टीवर कुठपर्यंत आलं? आडव्या ग्लासातलं मूळ कुठे वळलं? असे. त्या आठवड्यात तो जेवढा बोलला तेवढा कधी बोलला नव्हता, हातवारे करून, जमिनीवर आडवं पडून मूळ कसं वळतं ते करून दाखवलं. तर ताई एवढी एक चिठ्ठी नक्की पाठवा, आम्हाला नुसतं माहीत पाहिजे असतं की नेमकं काय विचारायचं. आणि गृहपाठ म्हणून हस्तकलेचं काही देऊ नका ही हात जोडून विनंती, ते शेवटी आम्हीच करतो आणि मूल बाजूला बसून बघतं.

पाटी_दप्तर

बापरे, एवढं सविस्तर! सगळ्यांचे मनापासून आभार. १६ बटणांचं सहा मुलांसोबत मधल्या सुट्टीत केलं. चार जणांनी एकच बटण दाखवलं आणि त्यातली एक मुलगी पाढे सगळ्यात छान म्हणणारी आहे. आता काड्या आणल्यात, पुढचा आठवडा गठ्ठ्यांचा.

अजून दोन-तीन गोष्टी विचारते. वजाबाकीला ४२ − १७ दिलं की ३५ येतं, ते कसं सोडवायचं? घड्याळ मध्येच सोडून द्यायचं का मग? आणि लवकर संपवणाऱ्या मुलांचं राहिलंच. शिवाय एक गोष्ट मला फार जाणवते, मी प्रश्न विचारला की तेच सहा-सात हात वर येतात.

गठ्ठे_आणि_सुट्टे

४२ − १७ = ३५ म्हणजे मुलाने एककात मोठ्यातून लहान वजा केलं, ७ मधून २. त्याला कोणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं की लहानातून मोठं जात नाही, मग ते उलटं करतं. म्हणून 'जात नाही' हे वाक्य वापरूच नका. चार गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या समोर ठेवा आणि म्हणा, मला सतरा दे. मूल एक गठ्ठा देतं, मग सात सुट्ट्या द्यायला बघतं, दोनच असतात, थोडा वेळ थांबतं आणि मग रबरबँड काढतं. बारा सुट्ट्यांतून सात देतं, उरतात दोन गठ्ठे पाच सुट्ट्या. हे जे रबरबँड काढणं आहे ते पुरेसं झाल्याशिवाय वहीत वरच्या आकड्यावर काट मारून उसना घेणं दाखवू नका. आणि हे त्याच आठवड्यात नको, बेरीज घट्ट बसली की पुढच्या आठवड्यात.

लवकर संपलं त्यांना जास्त गणितं देऊ नका, ती त्यांना शिक्षा वाटते, आणि काही हुशार मुलं मग मुद्दाम हळू करायला लागतात. त्याऐवजी उलटं द्या. उत्तर ६३ आहे, हातचा येईल असं गणित बनव. मग हातचा येणार नाही असं बनव. मग शेजाऱ्यासाठी बनव आणि त्याचं तपास. यात ती बराच वेळ गुंततात आणि आवाजही होत नाही. फक्त त्यांना रोज शेजाऱ्याला शिकवायच्या कामाला जुंपू नका, ती पण सात वर्षांचीच आहेत.

रिकामा_तास

घड्याळाचं मी सांगतो. ते सोडायचं नाही, पण त्याचा वेगळा दिवस पण नको, रोज दोन-तीन मिनिटं दिवसभर पसरलेली हवीत. वर्गातल्या एका जुन्या घड्याळाचा मोठा काटा काढून टाका आणि काही दिवस नुसत्या तास काट्यावर वेळ ओळखायची. तीन वाजले, तीनच्या थोडं पुढे, तीन आणि चारच्या बरोबर मध्ये, चारला टेकलंच. मुलांना कळतं की छोटा काटा सारखा सरकत असतो, तासाला एकदम उडी मारत नाही, आणि साडेतीनला तो तीनवर असूच शकत नाही. मोठा काटा नंतर येऊ द्या. पावणेचार शेवटी घ्या, चार ऐकू येतं म्हणून मुलं ४ वाजून ४५ लिहितात.

सत्तावीस म्हटलं की ७२ लिहिणारी मुलं पण तुमच्याकडे असतीलच, तेही असंच, कानावर आधी सात पडतो. आणि एकोणतीस ऐकून ३९ लिहितात कारण तीस ऐकू येतं. जर्मन, डच, अरबी मुलांनाही एकक आधी ऐकायची हीच अडचण असते. नॉर्वेने तर १९५१ मध्ये संख्या बोलायची अधिकृत पद्धत बदलून दशक आधी केलं. आपण वर्गात एवढंच करू शकतो की काही दिवस संख्या दोन्ही तऱ्हेने म्हणायची, दोन दशक सात, सत्तावीस, आणि गठ्ठे मांडताना दशक आधी मांडायचं. आठवडाभर गठ्ठे हातात असताना हे आपोआप होतं, वेगळा तास लागत नाही.

विसरण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की त्या दिवशी येतं आणि पुढच्या सोमवारी जातं. यात मुलांचा दोष नाही आणि तुमच्या ॲक्टिव्हिटीचाही नाही, विसरणं असंच चालतं. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये मांडलं होतं की नवीन पाठ केलेलं सगळ्यात जास्त पहिल्या काही तासांत आणि पहिल्या एक-दोन दिवसांत गळतं, पुढे गळती मंदावते. म्हणून माझ्याकडे रोज सकाळी हजेरीनंतर पाटीवर तीनच प्रश्न असतात, एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. वही नाही, मार्क नाहीत, उत्तर पाटीवर लिहून वर धरायचं. पाच मिनिटांत मला कळतं कोणाचं काय निसटलंय. आणि पुस्तक न बघता आठवावं लागतं म्हणून ते टिकतं, नुसतं परत वाचून दाखवलं तर मुलं मान डोलावतात पण टिकत नाही.

आता त्या सहा-सात हातांबद्दल. प्रश्न विचारल्यावर आपण किती थांबतो हे एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग तपासली तर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांब झाली, जास्त मुलं बोलायला लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही, पण वर्गात उभं राहून गप्प बसायला खूप वाटतात. मनात आकडे मोजा. त्याच्याच जोडीला आधी स्वतः विचार, मग शेजाऱ्याला सांग, मग वर्गाला सांग ही पद्धत घ्या, अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली. वर्गासमोर बोलायला घाबरणारं मूल शेजाऱ्याशी आधी बोललेलं असतं, मग हात वर येतो. मी तर 'शेजारी काय म्हणाला ते सांग' असंच विचारतो, त्यामुळे ऐकलं पण जातं.

पाटी_दप्तर

सर हे मोठा काटा काढायचं फारच आवडलं, वर्गात एक बंद पडलेलं घड्याळ आहे त्याचंच करते.

शुक्रवारबद्दल कोणी बोललं नाही फारसं. तो खेळाचा ठेवू का? मुलं आठवडाभर त्याचीच वाट बघतात, आणि मला तो काढून टाकायचा नाहीये.

गठ्ठे_आणि_सुट्टे

ठेवा ना, अजिबात काढू नका. फक्त खेळ हा शुक्रवारपुरताच नको. सोमवार ते गुरुवार रोज दोनदा तरी मुलं जागेवरून उठली पाहिजेत, मग ते मधल्या सुट्टीनंतर मैदानावर दहाच्या उड्या मारत संख्यारेषेवर चालणं असो, म्हणजे खडूने जमिनीवर शंभरपर्यंतची रेषा काढायची आणि ३६ वर उभं राहून दोन मोठ्या उड्या नि सात छोट्या. ही पण ३६ + २७ चीच बेरीज आहे. शुक्रवारी मी दुपारनंतर पूर्ण मोकळं सोडते, चित्र, माती, ठोकळे, गोष्टीची पुस्तकं, ज्याला जे हवं ते, आणि मी स्वतः काही शिकवत नाही, फिरते आणि मुलांशी बोलते. कोणाचं कोणाशी पटत नाहीये, कोण आठवडाभर गप्प होतं, हे मला त्याच वेळात कळतं.

जोडाक्षरवाली

शुक्रवारी सुटायच्या आधी प्रत्येकाकडून एक चिठ्ठी घ्या, या आठवड्यात मला काय आलं आणि काय अजून येत नाही, एक-एक ओळ. दुसरीतली मुलं 'रफार येत नाही' असं अगदी स्वच्छ लिहून देतात. सोमवारची आखणी मी त्या चिठ्ठ्या वाचूनच करते.

पाटी_दप्तर

हे करते नक्की. ओली_माती सर, बी मी या बुधवारी भिजत घालतेय, पण मागे एकदा मुलांनी लावलेल्या ग्लासात बुरशी आली होती असं आधीच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या. किती पाणी घालायचं?

ओली_माती

टिश्यू ओला असावा, तळाशी पाणी साचता कामा नये. बी पाण्यात बुडालेलं राहिलं तर त्याला हवा मिळत नाही आणि ते कुजतं, बुरशी त्यावरच येते. मुलं प्रेमाने दर तासाला पाणी घालतात, म्हणून पाण्याचं काम रोज एकाच मुलाकडे द्या, ड्रॉपर द्या, आणि शनिवार-रविवारसाठी शुक्रवारी सुटताना ग्लासावर प्लास्टिकचा कागद सैल लावून ठेवा. ग्लास कडक उन्हात नको. प्रत्येक गटाला दोन-दोन बिया द्या, एक नाहीच रुजली तरी कोणाचा हिरमोड होत नाही. आणि न रुजलेल्या बिया टाकू नका, शेवटच्या दिवशी चिरून भिंगाखाली बघा, आत इवलंसं रोप दुमडलेलं दिसतं.